आर्विडची तारीख

"दाढी कर, पण साबण तेवढा गालावर राहू दे!" ऑर्लिन झुडपापलीकडे वाकून पुटपुटत होता. "अंगण साफ करा म्हणे, आणि बर्फ तेवढा ठेवा. मग आम्हाला बोलावलंच कशाला? घरात बसायचं आणि साफ झालंय असं समजायचं."

झुडपाच्या अलीकडे मी गुडघ्यांवर बसून गेल्या वर्षीच्या फुलझाडांचे वाळके दांडे कापत होते. आमच्यात अंतर फार तर हातभर.

"ऑर्लिन, मला ऐकू येतंय."

"ऐकू यावं म्हणूनच बोलतोय, बॉस. नाहीतर मनातच बोललो असतो."

ऑर्लिन माझा दीर. खरं तर माजी दीर. बारा वर्षांपूर्वी माझा नवरा पाठ शेकायला म्हणून ॲरिझोनाला गेला आणि तिथेच शेकत राहिला. जाताना एक पिकअप, एक पाला उडवायचं यंत्र आणि हा भाऊ माझ्याकडे टाकून गेला. तिन्ही अजून चालतात. तिन्ही सुरू होताना कुरकुरतात.

वसंतात लोकांची अंगणं साफ करून द्यायची, हा आमचा धंदा. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मोठ्या सरोवराच्या काठच्या आमच्या डुलुथमध्ये बर्फ सहा महिने सगळ्यावर पांघरूण घालतो आणि एप्रिल संपता संपता ते एकदम ओढून घेतो. मग दिसतं खाली काय काय होतं ते. रस्त्यावरून उडालेली खडी, एका हाताचे मोजे, नाताळातले दिवे, शेजाऱ्याच्या कुत्र्याने साऱ्या हिवाळ्यात केलेला शेजारधर्म. झाकलेलं होतं तोवर कुणाची हरकत नसते. उघडं पडलं की आम्हाला फोन येतो.

टॉलेफसनांकडून मात्र दर वर्षी पहिला फोन आर्विडचा यायचा. यंदा त्याच्या बायकोचा, व्हर्नाचा आला.

फोनवर सांगितलेलंच पुन्हा सांगायला ती पायरीवर आली. हातात कॉफीचे दोन कप आणि खजुराच्या वड्यांची बशी.

"रोन्डा, सगळं नेहमीसारखं कर. पाला, दांडे, पन्हळी, रस्त्याकडेची खडी. फक्त कोपऱ्यातल्या बर्फाच्या ढिगाऱ्याला हात लावायचा नाही."

"बरं."

"आर्विडची तारीख आहे."

"कुठली टाकलीय यंदा?" मी विचारलं. जसं काही मला ठाऊक नव्हतं.

"एक जून. त्याची दुसरी कुठली असते?"

ऑर्लिनने तोंड उघडलं. मी त्याच्या बुटावर दाताळं ठेवलं. त्याने त्या तोंडात वडी घातली.

आर्विड नऊ मार्चला गेला होता. मोठ्या वादळानंतर त्याने दारापुढचा बर्फ यंत्राने उडवून या ढिगाऱ्यावर टाकला, यंत्र पुसून शेडमध्ये लावलं, त्यावर जुनी चादर घातली आणि पायरीवर बसला, तो बसलाच. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅम घातलेले पाव मीच वाढले. दीडशे माणसं जमली होती आणि वादळात किती इंच बर्फ पडला यावर तासभर बोलली. निघताना एकाने व्हर्नाचा हात हातात घेऊन सांगितलं, "तुमच्या दारासमोरचा रस्ता छान मोकळा झालाय." ती म्हणाली, "हो, छान झालाय." आमच्याकडे याला सांत्वन म्हणतात.

आता त्या तारखेबद्दल. टॉलेफसनांची गल्ली पुढे बंद आहे, सात घरांची. बर्फ लोटणारी गाडी हिवाळाभर सगळ्यांचा बर्फ त्यांच्याच अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन टाकते. वसंतात बाकी सगळं वितळतं, तो ढिगारा उरतो. तो कुठल्या दिवशी संपेल, यावर त्या सात घरांची एकतीस वर्षं शर्यत चालू आहे. जानेवारीत प्रत्येक घराने चिठ्ठीवर तारीख लिहून कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. तारीख अचूक लागली पाहिजे. एक दिवस अलीकडे नाही, एक दिवस पलीकडे नाही. जिंकणाऱ्याला सोनेरी रंग दिलेलं फावडं मिळतं, ते वर्षभर गॅरेजच्या दारावर टांगायचं. 

पंच आल्टन. तो टॉलेफसनांचा शेजारी. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे नियमांचा भारी सोस. संध्याकाळी सूर्य टेकडीआड जाताना तो डब्याचं झाकण घेऊन येतो आणि उरलेल्या बर्फावर धरतो. बर्फ झाकणाबाहेर दिसला तर ढिगारा जिवंत. झाकणाखाली मावला तर संपला.

बाकीचे शहाण्यासारखे एप्रिलचा शेवट, मेची सुरुवात लिहायचे. आर्विड दर वर्षी एक जून लिहायचा. "डुलुथच्या हिवाळ्याला कमी लेखू नका," म्हणायचा. एकतीस वर्षांत एकदाही जिंकला नाही.

त्यातली शेवटची नऊ वर्षं त्याला मी हरवलं. अंगण साफ करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, बर्फाचा ढीग दिसला की आधी तो फोडून पसरायचा. नाहीतर खालच्या गवतावर करडी बुरशी धरते. मी पहिल्या वर्षी फावडं घातलं तेव्हा गल्लीत खळबळ उडाली होती. आल्टनने दोन दिवस विचार करून निकाल दिला, "ऊन, पाऊस आणि पगारी माणूस, ही तिन्ही निसर्गात मोडतात." झालं. नऊ वर्षं मी आर्विडच्या डोळ्यांदेखत त्याचा ढिगारा फोडला. तो खिडकीत कप घेऊन उभा असायचा. मी वर बघितलं की कप उंचावायचा. एकदाही म्हणाला नाही की नको. आणि मला कधी विचारायचं सुचलं नाही.

म्हणून व्हर्ना "हात लावायचा नाही" म्हणाली तेव्हा मी बरं म्हटलं. एक जूनला तो ढिगारा संपला पाहिजे. त्याआधी नाही, नंतर नाही. बुरशी धरली तर धरली.

मेच्या पहिल्या आठवड्यात दक्षिणेचा वारा सुटला. लोक अर्ध्या बाह्यांत फिरायला लागले, ढिगारा न्हाणीघरातल्या टबाएवढा झाला. साफसफाईचं काम खरं तर एका दिवसाचं, पण मी चौथ्यांदा त्या अंगणात गेले. निमित्त नव्या बियाण्याचं. बियाणं पेरलं की पाखरांनी टिपू नये म्हणून त्यावर पेंढा पसरतात. मी तीन गासड्या नेल्या. त्यातली अर्धी गासडी बियाण्यावर गेली.

"बॉस," ऑर्लिन म्हणाला, "अडीच गासड्या बर्फावर पडल्या."

"वारा आहे."

"वाऱ्याने वर ताडपत्रीही बांधली?"

"ऑर्लिन, तू वड्या खा."

पेंढ्याने चार दिवस निभावलं. पाचव्या सकाळी मी पिकअप घेऊन आइस हॉकीच्या रिंकवर गेले. तिथे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी जो कीस काढते, तो मागच्या दाराशी टाकतात. चांगला घट्ट, शुभ्र कीस. तिथला माणूस झाडू घेऊन उभा होता.

"कशाला हवाय?"

"अंगण साफ करायला."

त्याने माझ्या पिकअपकडे पाहिलं. मग म्हणाला, "डावीकडचा घ्या, तो ताजा आहे." डुलुथमध्ये दुसरा प्रश्न विचारणं असभ्यपणाचं मानतात.

मी कीस ढिगाऱ्यावर थापला आणि वरून जुन्या बर्फासारखा दिसावा म्हणून त्यावर थोडी खडी आणि दोन मुठी पाचोळा भुरभुरला. सतरा वर्षं लोकांच्या अंगणातला पाचोळा काढून माझी कंबर गेली. पाचोळा घालण्याची ही पहिलीच वेळ. व्हर्नाने सांगितल्याप्रमाणे मी हात लावला नाही. फावडं लावलं.

दोन दिवसांनी हिरवळीच्या कडा कापायच्या निमित्ताने गेले, तर ढिगारा मी ठेवला होता त्यापेक्षा मोठा.

मी भोवती एक फेरी मारली. ऑर्लिनने उलट्या दिशेने मारली. मागच्या बाजूला आमची गाठ पडली. त्याने बर्फातून काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. हिरवं, गोल, गोठलेलं.

"आपल्या बर्फात मटार निघाला, बॉस."

तेवढ्यात आल्टन त्याच्या गॅरेजमधून बाहेर आला. बाही कोपरापर्यंत ओली. त्याच्यामागे गॅरेजमध्ये मोठा फ्रीजर सताड उघडा दिसत होता, आतल्या भिंती खरवडून लख्ख केलेल्या.

"छान टिकलाय," आल्टन ढिगाऱ्याकडे बघत म्हणाला.

"हो, छान टिकलाय."

"सावली आहे ना."

आम्ही तिघं भर उन्हात डोळ्यांवर हात धरून उभे होतो.

"सावलीचा परिणाम असतो," मी म्हटलं.

"आर्विडला कळतं त्यातलं," आल्टन म्हणाला. "आपण हसायचो, पण त्याला कळतं." मग त्याला माझ्या तळहातावरचा मटार दिसला. त्याने तो चिमटीत उचलला, उजेडात धरला आणि पंचाच्या आवाजात म्हणाला, "जुना बर्फ असतो. त्यात काय काय असतं."

त्यानंतर ढिगाऱ्याने जे बाळसं धरलं ते विचारू नका. मेमध्ये! सफरचंदांना फुलं आलेली, मधमाशा फिरतायत आणि टॉलेफसनांच्या कोपऱ्यात बर्फ वाढतोय. दुसऱ्या घरच्या बाई कुत्र्याला फिरवायला निघायच्या, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात बादली असायची. चौथ्या घरच्या जुळ्या भावांनी मासेमारीसाठी आणलेल्या बर्फाच्या पिशव्या एका दुपारी ढिगाऱ्यापाशी येऊन अचानक फाटल्या, आठच्या आठ. त्यांच्याकडून एक वॉलआय मासाही राहून गेला. तो ढिगाऱ्यातून तोंड बाहेर काढून आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत होता. कुणी काही बोललं नाही. एकजण जाताना त्याला मान देऊन गेला, हे मी स्वतः पाहिलंय.

बोलायचे सगळे, पण दुसरंच. "टिकलाय." "टिकलाय खरा." "सरोवरावरून गार वारा येतो ना." "यंदा आर्विडचं फावडं नक्की." या शेवटच्या वाक्यानंतर सगळे एकदम आपापल्या छपरांच्या पन्हळींकडे बघायला लागायचे.

व्हर्ना रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत कप घेऊन उभी राहायची. आर्विड उभा राहायचा तिथेच. मी वर बघितलं की ती कप उंचावायची नाही. नुसती बघायची.

बावीस मेला मी पिकअप ढिगाऱ्याशेजारी लावली. दोघं एकाच उंचीचे होते.

"ऑर्लिन, हा किती दिवस टिकेल?"

त्याने बुटाच्या टाचेने टोचून पाहिलं. आमच्या धंद्यात एवढं तरी कळतं. "चार जुलै. ढगाळ राहिलं तर पंधरा."

"एक जून म्हण ना."

"मी कसं म्हणू? ते आर्विड म्हणतो." तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. "बॉस, एकतीस वर्षं तो माणूस बर्फ लवकर संपला म्हणून हरला. यंदा आपण त्याला बर्फ जास्त झाला म्हणून हरवणार. नवीन काहीतरी केलं म्हणायचं."

मी खाली बसले. तिथेच, ओल्या गवतावर. दहावं वर्ष, आणि पुन्हा मीच.

त्याच क्षणी बाकीच्या सहा घरांत तीच मोजणी चालू असावी, कारण दुसऱ्या दिवसापासून ढिगारा उतरायला लागला. पुन्हा कुणीही काही न बोलता. महिनाअखेरच्या लांब सुट्टीत गल्लीतल्या प्रत्येक घराला एकाएकी सहल सुचली आणि प्रत्येकाचा थंड पेयांचा खोका टॉलेफसनांच्या अंगणातून भरला गेला. सोडा मटारासकट गार झाला. आल्टन आपली फुलझाडं सोडून कुंपणापलीकडच्या व्हर्नाच्या ट्यूलिपना पाणी घालायला लागला, तेही किटलीने, आणि किटलीतून वाफ येत होती. ट्यूलिप पाच फुटांवर होते. त्याचा नेम चुकायचा. मासा एके सकाळी दिसेनासा झाला. ऑर्लिन आणि मी "गवताचा ओला कचरा" म्हणून चार खेपा नेऊन रिंकमागे टाकल्या. झाडूवाला दारात उभाच होता.

"अंगण साफ झालं?"

"होत आलंय."

"वाटलंच," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

एक जूनला दुपारपर्यंत ढिगारा पावाच्या लादीएवढा उरला होता. मी मनात म्हटलं, जमलं. एवढा तर चार वाजेपर्यंत आपोआप जाईल. बाकीच्या सहा घरांनी घडीच्या खुर्च्या आणून गोल मांडला. कुणी बटाट्याचं सॅलड आणलं, कुणी मीटबॉल. आल्टनने आर्विडची चिठ्ठी डब्यातून काढून शर्टच्या खिशात ठेवली होती, चिठ्ठीचं टोक बाहेर दिसत होतं. सोनेरी फावडं झाडाला टेकून उभं. ऑर्लिनने तेवढ्यासाठी दाढी केली होती, साबणसुद्धा पुसला होता.

तीन वाजता सरोवरावरचा वारा उलटला. डुलुथमध्ये राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाच मिनिटांत तोंडातून वाफ निघायला लागली. माणसं घरात जाऊन जाकिटं घालून आली. लादी लादीच राहिली.

पाच वाजले. सहा वाजले. खिडकीत व्हर्ना, त्यामुळे कुणी हात लावू शकत नव्हतं. मीटबॉलचा गरम टोप कुणीतरी सहज म्हणून बर्फाला खेटून ठेवला. थोड्या वेळाने मीटबॉल गार झाले. चौथ्या घरचे जुळे पालथे पडून गवताची तपासणी करत होते आणि तपासताना फार जोरजोरात श्वास सोडत होते. दुसऱ्या घरच्या बाईंनी कुत्र्याला नेमकं तिथेच बसायला शिकवायचं ठरवलं. कुत्रा एकदा बसला, किंचाळून उठला आणि पुन्हा शिकला नाही. मी पाला उडवायचं यंत्र सुरू केलं. त्याच्या मागच्या तोंडातून गरम धूर निघतो. पाठ बर्फाकडे करून मी अर्धा तास समोरच्या हिरवळीवरून पाला उडवत होते. त्या अंगणात महिनाभर एक पान नव्हतं.

"छान झालं अंगण," आल्टन ओरडला.

"अजून थोडं राहिलंय," मी ओरडले.

साडेआठ वाजता सूर्य टेकडीच्या माथ्याला टेकला. आल्टन उठला. खिशातून झाकण काढलं, पँटला पुसलं. मी यंत्र बंद केलं. इतकं शांत झालं की चिठ्ठीचं टोक वाऱ्याने फडफडतंय ते ऐकू येत होतं. त्याने वाकून झाकण धरलं. डावीकडून बोटभर बर्फ बाहेर. सरकवलं. उजवीकडून बोटभर बाहेर. त्याने बस चालवतानासुद्धा एवढा घाम गाळला नसेल. तिसऱ्यांदा सरकवलं.

दार वाजलं. व्हर्ना पायरी उतरून आली. अंगावर आर्विडचं जाकीट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. माणसांनी वाट दिली. ती बर्फापाशी आली, आल्टनच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

"रोन्डा, तुझं काम झालं का पूर्ण?"

"झालं व्हर्ना. एवढं सोडून."

"मग एवढंही कर. तू पगारी आहेस ना? चालतं तसं. नियम आहे."

मी दाताळं उचललं. नऊ वर्षं मी हे न विचारता केलं होतं. आता सांगून झालं तरी होईना. मी आल्टनकडे पाहिलं.

"नियम आहे," आल्टन म्हणाला. तो अजून वाकलेलाच होता. "नियम आहे, पण व्हर्ना, दोन मिनिटं दे. आपोआप जाईल. असं दुसऱ्याच्या हाताने जिंकलेलं आर्विडला आवडायचं नाही. तो येऊन मला—" तो थांबला. झाकण पुन्हा सरळ केलं. "त्याचाच बर्फ आहे, त्याचा तो जाऊ दे. आर्विडला विचार हवं तर."

सगळ्यांनी आपापल्या पन्हळींकडे मान वर केली. व्हर्ना खाली बसली. सावकाश, एक हात माझ्या बुटावर टेकून. तिने त्या तुकड्यात नख घातलं, काहीतरी टोकरून काढलं आणि आल्टनच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटली.

"आर्विड मेलाय, आल्टन," ती म्हणाली. "आणि त्याच्या बर्फात मटार नव्हते."